धरणाच्या पोटातला तडा कसा शोधतात? भंडारदऱ्याचा धडा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, शेंडी गावाजवळ, प्रवरा नदीवर भंडारदरा धरण आहे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण असेही म्हणतात. सुमारे ८२ मीटर उंचीची ही भिंत दगड आणि चुन्याच्या मसाल्याची आहे. जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टीएमसी. प्रवरा कालव्यांवरची शेती आणि त्या भागातला ऊस याच पाण्यावर उभा राहिला.

१९६९ मध्ये या भिंतीला तडे गेल्याचे आणि त्यातून पाणी गळत असल्याचे आढळले. तो काळ महाराष्ट्रासाठी धास्तीचा होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात हाहाकार उडाला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या होत्या. भंडारदऱ्याच्या खाली नदीकाठी संगमनेर, कोल्हार, नेवासे अशी भरवस्तीची गावे आहेत. भिंत पाडून पाहता येत नव्हती आणि पाहिल्याशिवाय भरवसाही ठेवता येत नव्हता.

एखादी वस्तू न मोडता तिच्या आतले दोष शोधण्याला अविनाशी चाचणी म्हणतात. कारखान्यातला बॉयलर, रेल्वेचा रूळ किंवा विमानाचे पाते यांच्यासाठी ही चाचणी रोज होते. पण धरणाची भिंत तळाशी कित्येक मीटर जाड असते, तिची एक बाजू पाण्याखाली असते आणि ती बंद ठेवून तपासता येत नाही. म्हणून धरणाची तपासणी हे वेगळेच शास्त्र झाले आहे.

तडा धोकादायक का ठरतो?

भंडारदऱ्यासारखे धरण केवळ आपल्या वजनावर उभे असते. पाण्याची खोली ८० मीटर धरली, तर तळाशी दर चौरस मीटरला ८० टन दाब पडतो आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण सुमारे ३,२०० टनांचा आडवा रेटा येतो. हा रेटा भिंतीला खालच्या बाजूला लोटू पाहतो, तर दगडाचे वजन तिला जागेवर दाबून धरते.

रेट्यामुळे भिंतीच्या पाण्याकडील बाजूवरचा दाब कमी होतो. तिथे ताण निर्माण झाला तर अडचण येते, कारण दगड आणि चुना दाब चांगला सोसतात, पण ताण फारसा सोसत नाहीत. बारीकशी चीर पडते, तिच्यात पाणी शिरते आणि ते भिंतीचा वरचा भाग वर उचलू लागते. याला उत्थापन दाब म्हणतात. जलाशयाच्या पातळीखाली ४० मीटरवर चीर असेल आणि तिच्यात पाण्याचा पूर्ण दाब पोचला, तर तो दर चौरस मीटरला ४० टनांनी वर ढकलतो. भिंतीचे परिणामी वजन तेवढे घटते, ताण वाढतो आणि चीर आणखी आत सरकते.

फ्रान्समधील बूझे धरण २७ एप्रिल १८९५ रोजी याच प्रकारे फुटले आणि ८० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर अभियंते या दाबाचा गांभीर्याने विचार करू लागले. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक दगडी धरणांच्या आराखड्यांत त्याचा पुरेसा हिशेब नसे. म्हणून जुन्या धरणाची तपासणी करताना ‘तडा आहे का?’ एवढ्यावर थांबत नाहीत. त्यात पाणी कुठवर पोचले आहे आणि ते किती दाबाने ढकलत आहे, हे शोधावे लागते.

पहिला पुरावा गळतीचा

प्रत्येक दगडी धरण थोडेफार पाझरते. पाझर असणे ही धोक्याची खूण नसते. पाझरात बदल होणे ही खूण असते. म्हणून गळतीचे पाणी एका चरात गोळा करून त्रिकोणी खाच असलेल्या पत्र्यावरून सोडतात. या साधनाला व्ही-नॉच म्हणतात. काटकोनी खाचेतून ५ सेंटिमीटर उंचीने पाणी वाहत असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे पाऊण लिटर असतो; १० सेंटिमीटरला तो जवळपास साडेचार लिटर होतो. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते. त्यामुळे पट्टीवरचा छोटा फरकही चटकन ध्यानात येतो.

प्रवाह मोजला की त्याच्याशेजारी जलाशयाची पातळी लिहितात. पातळी वाढली की गळती वाढणे साहजिक आहे. गेल्या वर्षी याच पातळीला जेवढी गळती होती, त्यापेक्षा यंदा जास्त दिसली, तर मात्र आत काहीतरी बदलले असण्याची शक्यता धरावी लागते. पाणी एकाएकी गढूळ आले, तर ते आतून माती किंवा मसाला वाहून आणत असण्याचा संशय येतो.

स्वच्छ पाणीही बरेच सांगते. चुन्याच्या मसाल्यातून जाताना पाणी त्यातला चुना विरघळवून बाहेर आणते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन भिंतीवर पांढरे ओघळ जमतात. अशा पाण्यातल्या आणि जलाशयाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचे प्रमाण प्रयोगशाळेत ताडून पाहिले, की सांध्यांतला मसाला किती वेगाने धुऊन जात आहे याचा अंदाज येतो. बाहेरचा दगड शाबूत दिसत असतानाच आतला सांधा पोकळ होत असतो, आणि दगडी धरणाचे बरेचसे छुपे नुकसान असेच घडते.

आवाजाने आत पाहणे

पृष्ठभाग तपासायला स्प्रिंगचा हातोडा वापरतात. आपटल्यावर तो किती उसळतो यावरून कठीणपणा कळतो, पण फक्त वरच्या थराचा. खोलवर जाण्यासाठी ध्वनिलहरी लागतात.

चांगल्या काँक्रीटमधून लहर सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेगाने जाते, पाण्यातून सुमारे दीड किलोमीटर वेगाने आणि हवेतून तर जेमतेम ३४० मीटर. वाटेत पोकळी आली की लहर वळसा घेते आणि उशिरा पोचते. दहा मीटर जाड भिंत पार करायला चार किलोमीटर वेगाच्या लहरीला अडीच सहस्रांश सेकंद लागतात. वेग तीन किलोमीटरवर आला तर सव्वातीन सहस्रांशांहून थोडे जास्त. हाच फरक उपकरण टिपते. अनेक जागांवरून अशा लहरी आरपार पाठवल्या, तर रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखा छेद तयार करता येतो.

यात दोन मेख आहेत. पहिली लहरीच्या लांबीची. सेकंदाला ५०,००० कंपनांची लहर साधारण ८ सेंटिमीटर लांब असते. ती बारीक दोष टिपू शकते, पण ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतीत लवकर विखरून जाते. हजार कंपनांची लहर खोल जाते, पण तिची लांबी चार मीटर असल्याने छोटी चीर तिला जाणवत नाही. म्हणजे जी लहर खोल पोचते ती बारीक पाहत नाही आणि जी बारीक पाहते ती खोल पोचत नाही. दुसरी मेख पाण्याची. कोरड्या चिरेत लहर अडते, पण पाण्याने भरलेल्या चिरेतून ती बऱ्याच अंशी पार होते. त्यामुळे कमकुवत भाग कागदावर ठणठणीत दिसू शकतो.

हा घोटाळा सोडवायला शेवटी भिंतीत काही ठिकाणी बारीक भोके पाडावी लागतात. बाहेर काढलेल्या दगडी नळकांड्यांवर सांध्यांची अवस्था प्रत्यक्ष दिसते, आणि भोकात कॅमेरा सोडून चिरेची जागा व दिशा पाहता येते. भोकाचा ठरावीक भाग बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात. दहा बार दाबाखाली दर मीटरला मिनिटाला एक लिटर पाणी मुरले, तर त्याला एक लुजॉन म्हणतात. मॉरिस लुजॉन या स्विस भूवैज्ञानिकाचे नाव या मापाला मिळाले आहे. भोकांत दाबमापक बसवले की उत्थापन दाबही थेट वाचता येतो. पाणी नेमके कुठून शिरते हे शोधायला जलाशयाच्या बाजूने रंगद्रव्य किंवा अल्प किरणोत्सारी द्रव्य सोडून ते खाली कुठे उगवते ते पाहतात. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ मध्ये सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र धरणांसाठी अशा तपासण्या करते.

उन्हाचा आणि थंडीचा हिशेब

शंभर मीटर लांबीचे काँक्रीट दहा अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे एक सेंटिमीटर वाढते. धरणाची खालची बाजू उन्हात तापते, तर पाण्याखालची बाजू थंड राहते. हिवाळ्यात भिंत आकसते आणि चिरा किंचित उघडतात, त्यामुळे पाण्याची पातळी तीच असूनही गळती वाढलेली दिसू शकते. उन्हाळ्यात त्याच चिरा मिटतात. मे महिन्यात मोजलेला तडा आणि जानेवारीत मोजलेला तडा यांची तुलना तापमान लिहिल्याशिवाय करता येत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या खुंट्या बसवून त्यांच्यातले अंतर मोजतात आणि त्याच पानावर तापमानाचीही नोंद घेतात. ऋतूबरोबर उघडमीट करणारा तडा आणि दरवर्षी थोडा थोडा रुंदावणारा तडा यांतला फरक अशाच नोंदींतून कळतो.

उष्णतेचा तपासणीसाठी उपयोगही होतो. ओल्या जागेवरून बाष्पीभवन होते, म्हणून ती आसपासच्या दगडापेक्षा थंड असते. अवरक्त कॅमेऱ्यात ती वेगळ्या रंगाने उमटते. गळणाऱ्या पाण्याचे तापमान मोजले, तर ते जलाशयाच्या खोल थरातून येते की बाजूच्या डोंगरातून, याचा सुगावा लागतो. मात्र हा कॅमेरा पृष्ठभागच पाहतो. भिंतीच्या पोटातली चीर त्याला दिसत नाही.

दुरुस्ती आणि तिची तपासणी

१९६९ नंतर भंडारदऱ्याची भिंत पोलादी तारांच्या जुड्यांनी आणि पाठीमागच्या आधारभिंतींनी मजबूत करण्यात आली. जुड्यांची रीत अशी: भिंतीच्या माथ्यापासून खालच्या खडकापर्यंत भोके घ्यायची, त्यात पोलादी तारांच्या जुड्या सोडून खालचे टोक खडकात पक्के करायचे आणि वरून प्रचंड ताण द्यायचा. त्यामुळे भिंत खाली दाबली जाते, जणू तिचे वजनच वाढते, आणि पाण्याकडच्या बाजूला ताण येत नाही. अल्जीरियातील शर्फा धरणावर आंद्रे कॉयन या फ्रेंच अभियंत्याने १९३४ मध्ये हा उपाय यशस्वी करून दाखवला होता. आधारभिंत हे दुसरे काम करते: पाठीमागून जाडी वाढवून ती रेट्याचा वाटा उचलते.

दुरुस्तीबरोबर नवे छुपे धोकेही येतात. ताजे काँक्रीट घट्ट होताना तापते आणि निवताना आकसते. जुन्या दगडाला लावलेली नवी भिंत निवताना सुटली, तर दोघींमध्ये फट राहते आणि आधार नावापुरताच उरतो. म्हणून असे काँक्रीट गार ठेवत, टप्प्याटप्प्याने ओततात. तारांना गंज लागला किंवा त्या सैल पडल्या, तर तेही बाहेरून दिसत नाही. ज्या तारा पूर्ण लांबीभर सिमेंटने बुजवलेल्या नसतात, त्यांचे वरचे टोक जॅकने किंचित उचलून शिल्लक ताण मोजता येतो. पूर्ण बुजवलेल्या तारांबाबत ही सोय राहत नाही.

नोंदवहीचे महत्त्व

या सगळ्यांतले कोणतेही एक उपकरण ‘धरण सुरक्षित आहे’ असे सांगू शकत नाही. हातोडा वरचा थर सांगतो, लहर सरासरी सांगते, भोक फक्त आपल्यापुरते सांगते, कॅमेरा ओल दाखवतो. यांची साक्ष एकमेकांशी जुळते का, आणि मागच्या वर्षीच्या साक्षीशी जुळते का, यावर निष्कर्ष ठरतो. सुट्या वाचनाला फारसा अर्थ नसतो. गळती सेकंदाला चार लिटर असणे चांगले की वाईट, हे आधीच्या वीस वर्षांचे आकडे समोर असल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरपेक्षा उंच धरणे आणि ठरावीक अटींत बसणारी १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी या कायद्याने बंधनकारक केली आहे. दोनदा तपासण्यामागचे कारण सरळ आहे. पावसाळ्यापूर्वी जलाशय रिकामा होत आलेला असतो, एरवी पाण्याखाली असणारा दगड उघडा पडतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो, भिंतीवर पूर्ण भार असतो आणि गळती खरी काय ते दाखवते.

भंडारदऱ्याच्या भिंतीला २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे तिने तडे गेल्यानंतर, दुरुस्त होऊन काढली आहेत. घाटघर, रतनवाडीच्या डोंगरांत पाऊस लागला की जलाशय पुन्हा भरू लागतो. प्रत्येक हंगामात खाचेवरची उंची, पाण्याची पातळी आणि तापमान एकाच पानावर नोंदले जात राहिले, तरच पुढचा तडा वेळेत कळेल.