पहाटेची शिस्त पुरेशी नाही

पुरुषांच्या मनःस्वास्थ्याविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की त्याला आव्हान देण्याचे कोणाला सुचतही नाही. ते मत असे: पहाटे उठा, घाम गाळा, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, दारू-तंबाखू सोडा, मन आपोआप ताळ्यावर येईल. बोलून काय होणार? बाप्या माणसाने रडगाणे गाऊ नये.

या मताचा पूर्वार्ध खरा आहे आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. 1999 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नैराश्याच्या 156 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची प्रगती औषध घेणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीची निघाली. शिस्तीचे पुरस्कर्ते असल्या निष्कर्षांचा दाखला देतात, आणि तो द्यावाच. पण साक्षीदाराची पूर्ण जबानी ऐकायला नको का? त्या रुग्णांचा व्यायाम एकट्याचा नव्हता. तो आठवड्यातून तीनदा, गटात, देखरेखीखाली होत असे. सुधारणेत घामाचा वाटा किती आणि सोबतीचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. एकट्याच्या शिस्तीसाठी बोलावलेला हा साक्षीदार सोबतीच्या बाजूनेही बोलतो.

आता पुरावा घराजवळचा घेऊ. मावळातल्या सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. माळीण (2014) आणि इर्शाळवाडी (2023) येथील दरडींच्या ढिगाऱ्यांत याच बटालियनचे जवान उतरले. पहाट, कवायत, नेमाचा आहार, कमावलेले शरीर: सल्ला देणाऱ्यांच्या यादीतले असे काय आहे जे या माणसांकडे नाही? शिस्त हेच मनाचे कवच असेल, तर ते या दलात सर्वांत जाड असायला हवे. 2 जून 2023 रोजी ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला. तेथे काम केलेल्या, याच दलाच्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसू लागले. दुसऱ्याची अन्नावरची वासना उडाली. ही ऐकीव कुजबुज नव्हे. त्या वेळचे महासंचालक अतुल करवाल यांनी ते काही दिवसांतच जाहीरपणे सांगितले. आणि दलाने काय केले? आणखी कवायत लावली नाही. परतलेल्या जवानांसाठी समुपदेशन सुरू ठेवले. बलदंड माणसांचे दल चालवणाऱ्यांना जे उमगले, ते आपल्या पारावर अजून पोचायचे आहे.

पारावरून यावर उत्तर येते ते संतांचे. तुकोबांनी दुःख कोणाला सांगितले? ते डोंगरावर गेले, एकांतात बसले, नामस्मरण केले. अर्धी कथा सांगून पूर्ण निष्कर्ष काढण्याचा हा नमुना. सतराव्या शतकातल्या दुष्काळात घरची माणसे गेली, दुकान बुडाले, आणि तुकोबा भामचंद्र-भंडाऱ्यावर गेले, हे खरे. पण ते तेथेच राहिले का? ते देहूत कीर्तनाला उभे राहिले. दुष्काळ, दिवाळे, मनाची तगमग हे सारे त्यांनी अभंगांतून चारचौघांत मांडले. मागे चौदा टाळकरी होते. त्यांतले एक संताजी जगनाडे, चाकणचे तेली. त्यांची समाधी याच सुदुंबऱ्यात आहे. परंपरा सांगते की तुकोबांचे अभंग त्यांनी ऐकले, लिहिले, जपले. दिवसा घाणा चालवायचा आणि मित्राचे दुःख शब्दशः टिपून ठेवायचे! मौनाच्या बाजूने उभे करायला इतकी गैरसोयीची जोडी दुसरी सापडणार नाही. एकांत तुकोबांना वर्ज्य नव्हता. पण तो वाटेतला मुक्काम होता, पोचायचे गाव नव्हे.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे भजनी मंडळ आहे, तालीम आहे, पार आहे. माणसे रोज एकत्र बसतात. बसतात, आणि त्याने आधारही मिळतो. पण त्या बैठकीत काय बोलले जाते? कांद्याचा भाव, एमआयडीसीने घेतलेली जमीन, कारखान्यातली पाळी, सोसायटीची निवडणूक. तीन महिने झोप लागत नाही, हे त्यात कधी येते? मांडीला मांडी लावून बसलेला माणूसही मनाने एकटा असू शकतो. एकत्र बसणे ही सवय आपल्याकडे आहे. विचारणे आणि सांगणे ही नाही. झोप आणि व्यायामाइतकीच ती रोजच्या दिनक्रमातली गोष्ट आहे, एवढेच माझे म्हणणे.

'पण पुरुषाचा स्वभावच अबोल,' हा शेवटचा बचाव. वारीत हेच पुरुष एकमेकांच्या पाया पडतात, कडकडून भेटतात, फुगडी घालतात, डोळे पुसतात. मग अबोलपणा स्वभावात आहे की परवानगीच्या अभावात? त्याची किंमत किती, तेही पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष. आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. या आकड्यांमागे कर्ज आहे, आजार आहे, घरातले कलह आहेत. केवळ मौनाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण मौन हे औषध असते, तर ते इतकी वर्षे घेणाऱ्यांचा आकडा असा असता का?

दारूचेही तेच. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 27.3 टक्के पुरुष मद्य घेणारे आढळले, स्त्रिया 1.6 टक्के. 'सोड' म्हणणारे घरोघरी आहेत. 'कशासाठी घेतोस?' विचारणारा विरळा.

आणि सांगण्यालाही मर्यादा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहिले, झोप-भूक उडाली, जगण्यात रस उरला नाही, तर तेथे मित्राचा कानही पुरत नाही, डॉक्टर लागतो. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचेही नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र चालते. मराठीत बोलता येते, आणि पहिला फोन खचलेल्या माणसाऐवजी त्याच्या मित्राने लावला तरी चालतो.