गयेनंतर कलकत्ता

नागपूरहून काशीयात्रेला गेलेलं माणूस कलकत्ता पाहून परत यायचं, यात भक्तीपेक्षा रेल्वेचा हात मोठा. बंगाल-नागपूर रेल्वे १९०० साली हावड्याशी जोडली गेली आणि नागपुराला बंगालची सरळ वाट मिळाली. पुढे १९०६ मध्ये ग्रँड कॉर्ड मार्ग सुरू झाला, तसं गयाही हावड्याच्या मुख्य मार्गावर आलं. प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी आटोपली की आल्या वाटेनं इटारसीकडून परतायचं, की आणखी एक रात्र पूर्वेला सरकून हावड्याहून थेट घरची गाडी धरायची, असा पर्याय यात्रेकरूंपुढे आला. वाटेत कालीघाट होतंच, त्यामुळे चैनीला धर्माचा आडोसाही मिळे.

आमच्या घरात ही चाल आजोबांच्याही आधीपासूनची. डिसेंबर १९७८ मध्ये आजी, बाबा, आई, काका आणि सातवीतली मी, असे निघालो ते आजोबांच्या गयाश्राद्धासाठी. गयेला आवडीचं एखादं फळ किंवा भाजी कायमची सोडायची असते. आजीनं पेरू सोडला. काकांनी कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. यावरून आजी हावडा येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पण उतरल्यावर पहिलं वाक्य तिचंच होतं, ‘गेलेल्यांचं सगळं झालं, आता पोरीला काहीतरी दाखवा.’

कलकत्त्यात दाखवायचं काय, हे इंग्रजांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. १९११ पर्यंत हे शहर राजधानी होतं. मोठाली प्रदर्शनं, बागा, स्मारकं तिथे उभी राहिली ती साम्राज्याचा दिमाख रयतेच्या डोळ्यांत भरावा म्हणून. राजधानी दिल्लीला गेली, दिमाख मागे राहिला आणि तो बघायला आमच्यासारखी शिदोरीवाली कुटुंबं येऊ लागली. चौरंगीवरच्या संग्रहालयाचा आरंभ १८१४ चा, एशियाटिक सोसायटीतला. आजची पांढरी, खांबांची इमारत लोकांना खुली झाली १८७८ मध्ये. नागपूरच्या संग्रहालयाला आम्ही अजब बंगला म्हणतो, तेव्हा आजीनं पायऱ्यांवरच विचारलं, ‘हा यांचा अजब बंगला का?’

आत भारहूतच्या स्तूपाचे लाल दगडाचे कठडे आहेत, आणि बाबांना बघायचे होते ते तेच. मध्य भारतातल्या एका खेड्यात हा स्तूप कनिंगहॅमला १८७३ मध्ये सापडला आणि त्याचे दगड इथवर आणले गेले. बाबा एकेक शिल्प वाचल्यासारखं पाहत होते. आम्ही बाकीचे मात्र मिसरच्या ममीपाशी खिळलो. काचेच्या पेटीत, पट्ट्यांत गुंडाळलेला, हजारो वर्षांपूर्वी मेलेला माणूस. आई तोंडाला पदर लावून मागे सरली. आजी पुढे झाली. ‘याला जाळला नाही?’ काकांनी समजावलं की त्या लोकांत जाळत नसत, देह टिकवून ठेवत. आजीला ते पटेना. ‘म्हणजे याचं कोणी काहीच केलं नाही. आधी ठाऊक असतं तर गयेत याच्या नावाचाही पिंड ठेवायला लावला असता.’ ती थट्टा करत नव्हती. गयेत आप्तेष्टांपलीकडच्यांसाठीही पिंड देता येतो, आणि तिच्या हिशेबात हा बिचारा त्यातच बसत होता. साम्राज्याचा दिमाख दाखवण्यासाठी मांडलेल्या वस्तूचा असा उपयोग कुणाला सुचला असेल, असं मला वाटत नाही.

बाकीचं भराभर झालं. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात (१८७६) अद्वैत नावाचं महाकाय कासव होतं, ते क्लाइव्हच्या बागेतलं, असं लोक सांगत. ते २००६ मध्ये मेलं. व्हिक्टोरिया मेमोरियलचा संगमरवर मकराण्याचा, नकाशा विल्यम इमर्सनचा. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही त्याचंच. माझ्या मते मार्केट जास्त देखणं आहे. १९४३ च्या हावडा पुलाला नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर, हे बाबांनी पुलावर उभं राहूनच सांगितलं, त्यामुळे आईनं पुलावर थांबायला नकार दिला. रसगुल्ला ‘नासक्या दुधाचा’ म्हणून आजीनं दुरूनच नमस्कार केला. भुयारी रेल्वेसाठी रस्ते खणून ठेवले होते, त्या मातीतून वाट काढत चालावं लागे.

परतलो गीतांजली एक्सप्रेसनं. आदल्याच वर्षी, रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या काळात सुरू झालेली ही गाडी. तिला पहिला वर्ग नव्हताच. काकांना याचा कोण अभिमान! घरी मावंदं झालं, गंगापूजन झालं. शेजारणींनी गयेचं विचारायचं म्हणून विचारलं आणि पंगत उठेपर्यंत ममीचीच कथा ऐकली.

त्या शहरात नागपूरकरांशी खरं नातं असलेली जागा मात्र कुणी दाखवली नाही. मी ती पुढे वाचून शोधली. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचा कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरला, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैलांचा; साधारण तीन मैल झाला, तोवर मराठे शहराकडे फिरकत नाहीत असं दिसलं आणि काम थांबलं. भास्कररामाला १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं भेटीला बोलावून मारलं. १७५१ च्या तहानं ओरिसा भोसल्यांकडे आला. खंदकाचं नाव मराठ्यांचंच राहिलं, आणि इंग्रजांनी १७५७ मध्ये मीर जाफरकडून जमीन लिहून घेतली तीही या खंदकाच्या हद्दीनं.

आमच्याकडे हा सगळा इतिहास पराक्रमाचा म्हणून सांगतात. बंगालात तो बर्गींचा, म्हणजे मराठा स्वारांच्या धाडींचा आहे: जळलेली गावं, पळणारी माणसं. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं, तेही नागपूरच्या कौतुकासाठी नव्हे. भोसल्यांच्या वाड्याजवळ वाढलेल्या माणसानं ते वाचावं, असं मला वाटतं.

१७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून वर सर्क्युलर रोड काढला. याच रस्त्यानं सियालदाहून आम्ही ट्रामनं पारसनाथाचं देऊळ बघायला गेलो होतो. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, कुठले तुम्ही? बाबा म्हणाले, नागपूर.

‘अच्छा, कमला लेबू!’ म्हणजे संत्री. उरलेले सुटे पैसे त्यानं माझ्या हातावर ठेवले.