चाळिशी, अक्षर आणि संगणकाचा पडदा

जवळचे वाचण्याच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. वयावरून नाव पडलेली अशी वस्तू विरळाच. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळची अक्षरे पुसट दिसतात आणि माणूस कागद हातभर लांब धरू लागतो. हा काही आजार नव्हे, वयाचा धर्म आहे. पण अक्षर आणि डोळा यांचे जमेनासे झाले, म्हणजे कोणी कोणासाठी बदलायचे? डोळ्याने अक्षरासाठी, की अक्षराने डोळ्यासाठी? या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू.

पोथ्यांच्या काळात धर्मग्रंथ बालबोध लिपीत, ठळक आणि सुट्या अक्षरांत लिहीत. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे अशी रीत होती. कारभार मात्र मोडीत चाले. मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहिण्याची लिपी. तीत लिहिणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याचे हाल झाले. दप्तरातला कागद काय म्हणतो, हे कारकून सांगेल तेच खरे! मुंबई इलाख्याच्या कारभारात मोडीऐवजी बालबोध वापरण्याचे १९१७ मध्ये ठरले. आज जुना मोडी कागद घरात असूनही घरच्यांना तो वाचता येत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल.

मग छापखाने आले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देवनागरी टाइप इतके सुबक होते, की निर्णयसागरची पुस्तके देशभर नावाजली गेली. याच सुमारास, १८६२ मध्ये, हॉलंडमध्ये स्नेलेन नावाच्या डॉक्टरने दृष्टी तपासण्याचा तक्ता तयार केला. वरती मोठे अक्षर आणि खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी असलेला तो तक्ता आपण दवाखान्यात पाहतोच. पण टाइप कितीही सुंदर असला, तरी त्याचा आकार ठरवायचा तो मुद्रकाने. पुस्तक हाती आल्यावर वाचकाला अक्षर तसूभरही मोठे करता येत नसे.

संगणकाने इथे बदल केला. मात्र आपल्या लिपीला तो जरा उशिराच लाभला. संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर बारीक ठिपक्यांचे बनते. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. एवढी दाटी थोड्या ठिपक्यांत मावायची कशी? लहान अक्षरात अनुस्वार दिसेनासा होई, 'घ' चा 'ध' वाटे, 'भ' चा 'म' वाटे. 'भरले' च्या जागी 'मरले' वाचले गेले, तर अर्थाचे काय होईल सांगा! पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. पुढे मुंबईचे अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी खास पडद्यासाठी 'मंगल' हा देवनागरी टाइप घडवला, आणि तो विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला.

दृष्टी अधू असलेल्यांची सोयही याच काळात होत गेली. १९९५ च्या विंडोजमध्ये पडद्याचे रंग एकमेकांपासून ठळक उठून दिसतील अशी योजना होती. २००८ मध्ये जागतिक पातळीवर एक मानक ठरले: साध्या अक्षराचा उजळपणा आणि पाठीमागच्या रंगाचा उजळपणा यांत निदान साडेचारास एक इतके प्रमाण असावे. करड्यावर फिकट करडे लिहू नये, असा त्याचा साधा अर्थ.

आता द्रोणागिरीकडे येऊ. उरण तालुक्यातल्या या डोंगराच्या आसपास आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी घेणे सुरू झाले, आणि द्रोणागिरी हा त्या नगराचा एक विभाग ठरला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली.

ही सारी लढाई शेवटी कागदावर उतरली: नोटीस, पंचनामा, निवाडा, सातबारा. आता ते कागद पडद्यावर आले आहेत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा साताबाराही मिळतो. ज्या बाईने तरुणपणी तो लढा पाहिला, ती आज आजी झाली आहे. पडद्यासमोर बसून ती नातवाला म्हणते, "वाच रे पोरा, काय लिवलंय त्यात?" क्षेत्राच्या आकड्यातला एक टिंब इकडचा तिकडे वाचला गेला, तर जमिनीचा हिशेब चुकतो. म्हणजे मोडीच्या काळातला परावलंबीपणा पुन्हा दारात आला म्हणायचा. पण या वेळी उपाय हाताशी आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, तो उपाय दोन मिनिटांत शिकवता येतो. संगणकावर कंट्रोलचे बटण दाबून धरावे आणि अधिकचे चिन्ह दाबावे, म्हणजे उघडलेले पान मोठे होते. विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले, की पडद्यावर भिंगच धरले जाते. मोबाइलमध्ये सेटिंगमधल्या डिस्प्लेत अक्षराचा आकार वाढवता येतो. मोतीबिंदूमुळे पांढरा पडदा डोळ्यांवर येत असेल, तर काळ्यावर पांढरी अक्षरे करून पाहावीत. आणि पडद्यावर उघड्या दाराचा उजेड पडत असेल, तर तो जरा वळवून घ्यावा, बस्स! डोळ्यांची तपासणी मात्र टाळू नये. मोठे अक्षर हे काही औषध नव्हे.

शाळेतल्या मुलांना हे एकदा करून दाखवा आणि घरी जाऊन आजी-आजोबांच्या मोबाइलवर करायला सांगा. मग पुढच्या वेळी आपला सातबारा आजी स्वतः वाचील, आणि नातू शेजारी बसून नुसता ऐकेल.