दूरसंवेदी पवनमापन

जमिनीवरच्या उपकरणातून ध्वनी किंवा लेसर वर सोडायचा आणि परत येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून (डॉप्लर परिणाम) उंचावरच्या वाऱ्याचा वेग व दिशा काढायची, ही पद्धत. पवनचक्क्यांचा आस १०० मीटरच्या वर गेला, तसा वारा मोजायला तेवढ्या उंचीचा मनोरा (मास्ट) परवडेना. पात्याच्या वरच्या टोकाचा वारा तर मास्टला सापडतच नाही.

ध्वनीवर चालणारा सोडार स्वस्त असतो आणि वीजही कमी खातो. त्याला प्रतिध्वनी मिळतो तो हवेतल्या तापमानाच्या बारीक चढउतारांमुळे. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने देशी सोडार विकसित केले आहेत. पाऊस आणि गोंगाट हे सोडारचे वैरी. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गालगत तो लावला, तर घाट चढणाऱ्या ट्रकची घरघरच त्याच्या कानी पडेल. शिवाय आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम म्हणजेच पावसाळा.

लेसरवर चालणारा लायडार हवेतल्या धूलिकणांवरून परतलेला प्रकाश वाचतो. तो महाग, पण सपाट जागी कपाच्या पवनमापकाशी त्याचा मेळ उत्तम बसतो. डेन्मार्कमधील ह्योव्सोरच्या सपाट किनारपट्टीवर ११६ मीटरच्या मास्टशेजारी अशा तुलना झाल्या आहेत. भारताने २०१७ मध्ये खंभातच्या आखातात लायडार बसवला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानकानेही दूरसंवेदी मापनाला मान्यता दिली. मात्र सपाट भूमीवर आणि आखूड मास्टच्या सोबतीने.

खरी गोम आहे ती चांदवडजवळच्या सातमाळेसारख्या डोंगररांगेत. लायडारचे किरण उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेले असतात; म्हणजे १०० मीटर उंचीवर ते ११५ मीटर व्यासाचे वर्तुळ रेखतात, आणि त्या वर्तुळात सगळीकडे वारा सारखाच आहे असे गणित धरून चालते. नैऋत्येचा वारा कड्यावर आदळला की एका कडेला वर चढतो, दुसरीकडे खाली उतरतो. मग माथ्यावर वेग बहुधा कमी भरतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे वेगात ५ टक्के तूट म्हणजे ऊर्जेत सुमारे १४ टक्के.

ही चूक संगणकी प्रारूपाने दुरुस्त करतात. पण साधी प्रारूपे सुमारे १७ अंशांपर्यंतच्या उतारावरच भरवशाची; सातमाळेचे बेसाल्टचे कडे तर भिंतीसारखे उभे. त्यामुळे अशा माथ्यावर लायडारच्या शेजारी मास्ट रोवावाच लागतो.