कोठडीपासून खुर्चीपर्यंत

मनाच्या दुखण्याचे नाव निघाले की वऱ्हाडातील माणसाला पहिल्याने आठवतो तो नागपूरचा पागलखाना. ही आठवण निराधार नाही. आज वाशीमचा एखादा गृहस्थ समुपदेशकाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो, त्याचे एक कारण या जुन्या धास्तीत आहे. म्हणून तिचा इतिहास थोडक्यात पाहू.

१८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. १८६४ मध्ये नागपूरचे इस्पितळ निघाले, आणि १९१२ साली नवा कायदा आला. या सर्वांचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम निघे व माणूस भिंतीआड जाई. ‘तुला काय होते?’ असे निवांतपणे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत फारशी नव्हती.

विचारण्याची ही रीत निराळ्या वाटेने आली. १८९५ साली व्हिएन्नात ब्रॉयर व फ्रॉइड यांनी उन्मादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका तरुणीने आपल्या उपचाराला ‘बोलण्याचा इलाज’ असे नाव दिले होते. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था स्थापली. मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले, तर १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग निघाला. म्हणजे कोठडीत न जाता, उपचार घेऊन संध्याकाळी घरी परतता येऊ लागले! पुढे १९४२ साली अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनावरच्या ग्रंथात येणाऱ्याला रोगी न म्हणता अशील म्हटले. त्याची वाट त्यालाच सापडते, आपण नीट ऐकावे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढून हा विचार मराठी घरांपर्यंत नेला.

तेव्हा खासगी समुपदेशकाकडे प्रथम गेल्यावर काय घडते? तेथे पलंग नसतो, बेड्या नसतात. समोरासमोर दोन खुर्च्या असतात. बैठक साधारण पाऊण ते एक तास चालते. पहिल्या खेपेस झोप, भूक, घर, काम, कर्ज यांची चौकशी होते. सगळे एकदम सांगितलेच पाहिजे असे नाही. समुपदेशक उपदेश करीत नाही, औषधही लिहून देत नाही. औषधाची गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. बोललेले बाहेर जात नाही. जिवालाच धोका असला तर मात्र तो इतरांची मदत घेतो. शिक्षण काय, फी किती, बैठका अंदाजे किती, हे आरंभीच विचारावे. त्यात संकोच नको. आणि एका भेटीत मन हलके झाले नाही म्हणून निराश होऊ नये. सूर जुळलाच नाही, तर दुसऱ्याकडे जाण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कायद्यानेही दिशा बदलली आहे. १९८७ च्या कायद्याने १९१२ चा कायदा रद्द केला. २०१७ च्या कायद्याने उपचार मिळण्याचा व गुप्ततेचा हक्क मान्य केला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहण्यास सांगितले.

हा बदल आपल्या जिल्ह्याला सर्वांत निकडीचा आहे. २००६ च्या केंद्रीय मदतीसाठी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेले जे सहा विदर्भ जिल्हे निवडले गेले, त्यांत वाशीम होता. २०१५ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही तो आला. ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. नापिकी आणि कर्ज बोलण्याने फिटत नाही, हे खरे. परंतु त्या ओझ्याखाली माणूस एकटा राहत नाही. शेजारचा कोणी अलीकडे गप्प गप्प झाला असेल, तर त्याला ‘चल, मी सोबत येतो’ एवढे म्हणणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.