रिस्टार्ट कोणाच्या मर्जीने? विंडोज अपडेटचा थोडा इतिहास

मागच्या आठवड्यात जिंतूरकडची एक ज्युनियर लॅपटॉप घेऊन आली. तिला तीन दिवस चालणारं सिम्युलेशन लावायचं होतं. म्हणाली, "ताई, आधी हे अपडेट कायमचं बंद करून दे ना. मध्येच रिस्टार्ट झालं तर?" भीती खरी आहे. पण बंद करण्याआधी, हे सक्तीचं कधीपासून झालं ते मी तिला सांगितलं. तेच इथे लिहितेय.

१९९८ मध्ये विंडोज ९८ सोबत विंडोज अपडेट आलं, तेव्हा ती एक साधी वेबसाइट होती. आपण जायचं, हवं ते निवडायचं, उतरवून घ्यायचं. २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत 'ऑटोमॅटिक अपडेट्स' आलं, पण तेही नको असेल तर बंद करता येत होतं. आणि बहुतेक लोक काहीच करत नव्हते. त्याची किंमत पुढच्या तीन वर्षांत दिसली. 'कोड रेड' या वर्मने १९ जुलै २००१ ला एका दिवसात साडेतीन लाखांहून जास्त मशीन पकडली. त्यावरची दुरुस्ती, म्हणजे पॅच, महिनाभर आधीच आलेला होता. जानेवारी २००३ च्या 'स्लॅमर'चा पॅच तर सहा महिने जुना होता. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' आला, तोही पॅच आल्यानंतर जेमतेम चार आठवड्यांनी. ब्लास्टरची गंमत बघा: स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. म्हणजे सक्तीचा रिस्टार्ट अनेकांनी पहिल्यांदा अनुभवला तो वर्ममुळे!

पॅच आहे, पण लावलेला नाही, हा खरा रोग होता. म्हणून ऑक्टोबर २००३ पासून पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायचं ठरलं. अमेरिकेतल्या सकाळी दहाला ते निघतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा, त्यांच्या हिवाळ्यात, साडेअकरा. आपल्यासाठी ही बुधवारची सकाळच धरा. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने ऑटोमॅटिक अपडेट चालू करायचा आग्रह धरला. तरी विंडोज ८.१ पर्यंत 'कधीच तपासू नका' हा पर्याय होता. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि होम आवृत्तीतून तो गेला. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर बहुधा हीच आवृत्ती असते.

ही सक्ती योग्य होती का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको, न्हावा-शेवापर्यंत जाऊ. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरला. मार्स्क या कंपनीची जगभरातली यंत्रणा कोलमडली आणि त्यांच्याच समूहाकडून चालवलं जाणारं जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल अडकलं. कंटेनरची नोंद संगणकावर असते. ती गेली की क्रेन असूनही काम पुढे सरकत नाही. मार्स्कला नंतर सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्याने वापरलेल्या एका फटीचा पॅच १४ मार्चलाच आला होता.

इथवर ऐकलं की वाटतं, अपडेट घ्या, विषय संपला. पण थांबा. नॉटपेट्या सुरुवातीला शिरला कसा? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि आत शिरल्यावर तो पासवर्डची माहिती चोरून, पॅच लावलेल्या मशीनवरही जात होता. म्हणजे एकाच घटनेत दोन्ही बाजूंचा पुरावा आहे. साहित्य आढावा लिहिताना आपण सोयीची अर्धी बाजू घेतो ना, तसं इथे करता येत नाही.

शिवाय अपडेटही चुकतं. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइल्स पुसल्या, काही दिवसांत ते थांबवावं लागलं. लोकांच्या तक्रारींमुळे थोडी ढील मिळत गेली: ऑगस्ट २०१६ मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आले, मे २०१९ मध्ये होमवाल्यांनाही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येऊ लागलं. माझ्या मते एवढी ढील आपल्याला पुरते. सर्व्हिसच बंद करायच्या युक्त्या टिकत नाहीत, विंडोजमधलीच दुसरी सर्व्हिस ती परत चालू करते.

ज्युनियरच्या लॅपटॉपवर मग आम्ही एवढंच केलं. थकलेले सगळे अपडेट आधी घेतले, स्वतः रिस्टार्ट केलं, मग सेटिंग्जमधून एक आठवडा 'पॉज'. ॲक्टिव्ह अवर्सवर तीन दिवसांच्या कामाचा भरवसा ठेवू नका, ते जास्तीत जास्त अठरा तासच लावता येतात. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये, कोणी लॉगिन असताना आपोआप रिस्टार्ट करू नये, अशी सोय आहे. होममध्ये ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळत नाही. स्लीपही बंद केलं, ते हमखास विसरतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तिच्या कोडवर गेला. दर अर्ध्या तासाला मधली स्थिती फाइलमध्ये लिहायची आणि थांबलं तर तिथूनच पुढे सुरू करायचं, एवढं त्यात घातलं. माझी पहिली मोठी रन एप्रिलमध्ये, एकेचाळीसाव्या तासाला गेली होती, आणि तिचा अपडेटशी काही संबंध नव्हता. लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती आणि मी मधलं काहीच साठवलं नव्हतं. विंडोजला पॉजचं बटण तरी आहे, परभणीच्या लाइटला ते कुठलं!

तिची रन काल सकाळी सुरू झाली. सध्या जाता-येता प्रत्येक जण प्लग नीट बसलाय का तेवढं बघतो.