बाष्पीभवनजन्य शैत्य : कलन आणि फ्रँकलिन

ओले बोट वाऱ्यात धरले असता ज्या बाजूस गार लागते तिकडून वारा येतो, ही गोष्ट खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु हे शैत्य पाण्याचे, वाऱ्याचे की आणखी कशाचे, याचा निकाल त्वचेच्या साक्षीवर लागणे शक्य नव्हते. स्वतः उष्ण असलेल्या त्वचेला खोलीतील कोणताही द्रव थंडच भासतो.

विल्यम कलन याच्या एका शिष्याच्या दृष्टीस एक क्षुल्लक वाटणारी बाब पडली. मद्यार्कात बुडविलेला तापमापक बाहेर काढून हवेत टांगला की पारा दोन-तीन अंश उतरे. मद्यार्क व हवा यांचे तापमान मात्र सारखेच असे. म्हणजे शैत्य हा द्रवाचा गुणधर्म नसून त्याच्या उडून जाण्याचा परिणाम होता. कलनने अनेक द्रव तपासले, वायुपंपाखाली ईथरच्या बाष्पीभवनाने पाणी गोठविले आणि १७५६ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला.

या प्रयोगांची वार्ता ग्लासगोच्या प्रा. सिम्सन यांच्याकडून बेंजामिन फ्रँकलिनला मिळाली. केंब्रिजमध्ये जॉन हॅडलीसमवेत त्याने तापमापकाचा गोळा ईथरने वारंवार भिजवून त्यावर भात्याने वारा घातला. पारा ६५ वरून ७ अंश फॅरेनहाइटवर आला व गोळ्यावर सुमारे पाव इंच बर्फ जमले. उन्हाळ्याच्या दिवशीही मनुष्य गोठून मरू शकेल, असे त्याने लिहिले ते यावरूनच.

तथापि फ्रँकलिनचे खरे श्रेय निराळे आहे. जॉन लायनिंग या वैद्यास १७५८ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने हाच न्याय मानवी देहास लावला. १७५० च्या जूनमधील एका दिवशी फिलाडेल्फियात सावलीत १०० अंश उष्मा असूनही त्याचे शरीर तितके तापले नव्हते. त्याचे कारण त्याने घामाच्या बाष्पीभवनात शोधले. पेनसिल्व्हेनियातील कापणी करणारे मजूर पाणी घातलेली रम पिऊन घाम चालू ठेवीत. घाम थांबला की ते कोसळत, प्रसंगी मरतही. प्रयोगशाळेतील काचगोळ्यावरून शेतातील मजुराच्या मृत्यूपर्यंतची ही झेप आजही लक्षणीय वाटते.

उणीव राहिली ती परिमाणाची. बाष्प होताना द्रव नेमकी किती उष्णता नेतो, हे फ्रँकलिनला सांगता आले नाही. ते मोजण्याचा मार्ग कलनचाच शिष्य जोसेफ ब्लॅक याने १७६२ च्या सुमारास ग्लासगो येथे सुप्त उष्णतेच्या प्रयोगांतून दाखविला.